जादा अदा झालेल्या शासकीय साहाय्याची वसुली : अपील आणि माफीचा प्रश्न
(पुणतांबा परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

कल्याणकारी योजनेतून नागरिकाला देय नसलेली अथवा देय रकमेपेक्षा अधिक रक्कम अदा झाली, तर शासन ती परत मागू शकते. परंतु अशी मागणी आल्यावर नागरिकासमोर दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. ही रक्कम खरोखर देणे लागते काय, हा पहिला प्रश्न आणि देणे लागत असली तरी ती वसूल करणे न्याय्य आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपिलातून मिळते, दुसऱ्याचे माफीच्या विनंतीतून. शासकीय सेवकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रश्नाला निश्चित आकार दिला आहे. शेतकरी, निराधार व महिला लाभार्थ्यांच्या बाबतीत मात्र तो अद्याप धूसर आहे. प्रस्तुत लेखात पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेतील वसुली केंद्रस्थानी ठेवून या दोन्ही मार्गांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : अतिप्रदान, वसुली, अपील, माफी, किसान सन्मान निधी, नैसर्गिक न्याय.

१. प्रस्तावना

अहमदनगर (ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील गोदाकाठचे पुणतांबा हे गाव योगी चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला पूर्वीपासून परिचित होते. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाचे उगमस्थान म्हणून ते देशभर पोहोचले. संपाच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २४ जून २०१७ रोजी ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली आणि ती छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना या नावाने राबविली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. त्यामुळे पुणतांब्याच्या परिसरात 'माफी' हा शब्द उच्चारला की सामुदायिक, राजकीय निर्णयाने मिळणारी कर्जमाफीच डोळ्यांसमोर येते.

या लेखाचा विषय असलेली माफी त्याहून वेगळी आहे. येथे नागरिकाने बँकेकडून कर्ज घेतलेले नसते. शासनानेच त्याच्या खात्यात रक्कम जमा केलेली असते आणि कालांतराने तीच रक्कम 'अपात्र असताना लाभ घेतला' या कारणाने परत मागितलेली असते. अशा वेळी लागणारी माफी घोषणेने मिळत नाही. प्रत्येक व्यक्तीची परिस्थिती तपासून, कारणे नमूद करून, सक्षम अधिकाऱ्याने द्यावयाची ती सूट असते. लेखापरीक्षणाच्या परिभाषेत वसूल न होणारी रक्कम 'निर्लेखित' करणे हीदेखील निराळी गोष्ट होय. निर्लेखनात शासन आपल्या हिशेबाची सोय पाहते, तर माफीत नागरिकाची बाजू ऐकली जाते. कर्जमाफी, निर्लेखन आणि वसुली-माफी या तीन संकल्पनांची गल्लत झाल्यामुळे अनेक लाभार्थी एक तर निमूटपणे रक्कम भरतात किंवा 'शासन कधीतरी सोडून देईल' या आशेवर नोटिशीला उत्तरच देत नाहीत. या दोन्ही प्रतिक्रिया लाभार्थ्याच्या हिताच्या नाहीत.

२. वसुलीचा प्रश्न कसा निर्माण झाला ?

पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि २४ फेब्रुवारी २०१९ रोजी, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत, पहिला हप्ता वितरित झाला. योजनेचा अंमल १ डिसेंबर २०१८ पासून धरण्यात आला. पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन समान हप्त्यांत देण्याची ही योजना आहे. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या धारकांपुरती होती. जून २०१९ पासून ती सर्व भूधारक शेतकरी कुटुंबांना लागू झाली. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान अपत्ये, अशी व्याख्या आहे.

या व्यापक पात्रतेला काही अपवाद आहेत. संस्थात्मक भूधारक, आजी-माजी घटनात्मक पदाधिकारी व लोकप्रतिनिधी, चतुर्थ श्रेणी वगळता शासकीय व निमशासकीय सेवक, दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, लगतच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेल्या व्यक्ती, तसेच नोंदणीकृत व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल व वास्तुविशारद यांना लाभ मिळत नाही. १ फेब्रुवारी २०१९ ही भूधारणेची निश्चित तारीख असून त्यानंतर झालेल्या हस्तांतरणाने, वारसाहक्काचा अपवाद वगळता, पात्रता लाभत नाही.

याद्या गावपातळीवर अल्प मुदतीत तयार झाल्या आणि पात्रता मुख्यतः स्वयंघोषणेवर मान्य करण्यात आली. नंतर आधार व आयकर विभागाच्या नोंदींशी पडताळणी झाली तेव्हा अपात्र ठरलेल्यांची संख्या समोर आली. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींकडून सुमारे ३,००० कोटी रुपये वसूल करावयाचे होते. त्यांपैकी महाराष्ट्रातील संख्या सुमारे ४ लाख ४५ हजार व रक्कम सुमारे ३५८ कोटी रुपये होती. देशपातळीवरील सरासरी काढली तर ती दर व्यक्तीमागे सुमारे ७,००० रुपये येते. शासनाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ असली तरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ती एका हंगामाच्या बियाण्याचा व खताचा मोठा भाग असते.

या प्रश्नाला पुढे आणखी एक पदर जोडला गेला. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पुणतांब्यापासून जवळच असलेल्या शिर्डी येथे पंतप्रधानांच्या हस्ते वितरित झाला. ही योजना केंद्राच्या योजनेतील पात्रतेवर आधारलेली असल्याने एका योजनेतील अपात्रतेचा परिणाम दोन्ही लाभांवर होतो. त्यानंतर जून २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. तिच्या पडताळणीत सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा लाभ स्थगित केल्याचे संबंधित मंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. लाभ पुढे थांबवणे आणि दिलेला लाभ मागे घेणे या दोन निराळ्या कृती आहेत. पहिलीसाठी अपात्रता सिद्ध होणे पुरेसे ठरते, दुसरीसाठी त्याहून अधिक काही लागते. हे 'अधिक काही' म्हणजे नेमके काय, हाच या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

३. पहिला प्रश्न : रक्कम खरोखर देय आहे काय ?

वसुलीची नोटीस हाती आली म्हणजे अपात्रता सिद्ध झाली असे नव्हे. नोटीस ही शासनाची मागणी असते आणि तिला उत्तर देण्याचा अधिकार नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वातून येतो. एखाद्या आदेशाने नागरिकावर आर्थिक परिणाम होणार असतील तर त्याला ऐकून घेतले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने भगवान शुक्ला विरुद्ध भारत सरकार (१९९४) या प्रकरणात वेतनकपातीच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. उत्तर देताना पुढील मुद्दे तपासणे आवश्यक ठरते.

(अ) विवरणपत्र आणि कर यांतील भेद : योजनेतील अपवाद आयकर भरलेल्या व्यक्तीला लागू आहे. केवळ विवरणपत्र दाखल करणाऱ्याला तो लागू नाही. ट्रॅक्टरसाठी वा घरासाठी कर्ज घेताना बँक विवरणपत्र मागते म्हणून अनेक शेतकरी शून्य कराचे विवरणपत्र भरतात. अशा व्यक्तीने त्या वर्षाच्या विवरणपत्राची पोच व करगणनेचा तक्ता जोडावा.

(आ) कोणते वर्ष, कोणता हप्ता : अपवाद 'लगतच्या करनिर्धारण वर्षा'शी निगडित आहे. त्यामुळे अपात्रता हप्त्यागणिक तपासावी लागते. उदाहरणादाखल, एखाद्या शेतकऱ्याने जमीन संपादनाच्या व्याजामुळे अथवा एखाद्या वर्षीच्या जोडधंद्यामुळे एकाच वर्षी कर भरला आणि त्याच्याकडे सात हप्त्यांचे १४,००० रुपये मागितले, तर त्या करवर्षामुळे बाधित होणारे हप्ते कोणते, हे नोटिशीत दिसले पाहिजे. ते तीनच असतील तर वादाची रक्कम ६,००० रुपये होते. उरलेल्या ८,००० रुपयांची मागणी तपशिलाविना टिकू शकत नाही.

(इ) कुटुंबाची व्याख्या : पती व पत्नी या दोघांच्या नावे लाभ गेला असेल तर एकच लाभ जादा ठरतो. सज्ञान व विभक्त मुलाच्या नावे स्वतंत्र धारणा असेल तर तो निराळे कुटुंब ठरतो. सातबारा उताऱ्यावरील सामाईक नावांमुळे येथे गोंधळ होण्याचा संभव अधिक असतो.

(ई) ओळखीतील चूक : आधार क्रमांकाची चुकीची जोडणी, नामसाधर्म्य, रक्कम भलत्याच खात्यात जमा होणे या कारणांनी मागणी आली असेल तर बँकेचे खातेउतारे हाच निर्णायक पुरावा ठरतो. रक्कम ज्याला मिळालीच नाही त्याने ती परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

(उ) मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते : खातेदाराच्या निधनानंतर हप्ते जमा झाले असतील तर वारसांचे दायित्व त्यांच्या हाती आलेल्या रकमेपुरते पाहावे लागते. वारसाने आपली स्वतंत्र पात्रता असल्यास तीही येथेच मांडावी.

नोटिशीत हा तपशील नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून तो मागता येतो. कोणत्या नोंदीच्या आधारे अपात्र ठरविले, स्वयंघोषणापत्राची प्रत, हप्त्यांच्या तारखा आणि वसुलीचा कायदेशीर आधार, एवढी माहिती अर्जात मागावी. माहिती तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. परंतु माहितीची वाट पाहत नोटिशीची मुदत दवडू नये. 'तपशील मिळेपर्यंत मुदत द्यावी' असे प्राथमिक उत्तर मुदतीतच दाखल करून त्याची पोच घ्यावी.

४. अपिलाची वाट

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समित्यांची तरतूद आहे आणि आलेल्या तक्रारी गुणवत्तेवर, शक्यतो दोन आठवड्यांत, निकाली काढाव्यात अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. हा पहिला टप्पा होय.

अनेक नोटिशींत 'रक्कम न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाईल' असा इशारा असतो. शेतकऱ्याच्या मनात धास्ती निर्माण होते ती या वाक्याने, कारण त्याचा अर्थ सातबाऱ्यावर बोजा असा घेतला जातो. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, कोणतीही शासकीय येणे रक्कम आपोआप महसुली थकबाकी होत नाही. तिला कायद्याचा आधार लागतो आणि तो कोणता, हे विचारण्याचा अधिकार नोटीस मिळालेल्या व्यक्तीला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, तहसीलदाराने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली आदेश काढला असेल, तर त्याच संहितेच्या कलम २४७ खाली त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत कलम २५० नुसार साठ दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब क्षमापित होऊ शकतो. अपील दाखल केल्याने वसुली आपोआप थांबत नाही. म्हणून अपिलासोबत स्थगितीचा अर्ज देणे अगत्याचे ठरते.

पुणतांब्याच्या रहिवाशासाठी या वाटेवरील टप्पे असे आहेत : गावातील ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व कृषी विभागाचे कर्मचारी, राहाता येथील तहसील कार्यालय, शिर्डी येथील उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी आणि अखेरीस संविधानाच्या अनुच्छेद २२६ व २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. सात-आठ हजार रुपयांच्या वादासाठी खंडपीठापर्यंत जाणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणूनच पहिल्या दोन टप्प्यांवर सादर झालेला लेखी खुलासा हाच बहुतांश प्रकरणांत पहिला आणि अखेरचा बचाव ठरतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता, तसेच विहित मर्यादेतील उत्पन्न असणाऱ्या इतरांना मोफत विधी साहाय्य मिळू शकते. या तरतुदीचा उपयोग वसुलीच्या प्रकरणांतही होतो, याची जाणीव ग्रामीण भागात अल्प आहे.

५. दुसरा प्रश्न : देय असूनही वसुली न्याय्य आहे काय ?

चुकीने मिळालेली रक्कम परत केली पाहिजे, हे तत्त्व भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ मध्ये आहे. ते निर्विवाद आहे. परंतु चूक देणाऱ्याची असेल, घेणाऱ्याने काही लपविले नसेल आणि मधल्या काळात रक्कम खर्च झाली असेल तर काय, या प्रश्नाचा विचार आपल्या न्यायालयांनी मुख्यतः शासकीय व अनुदानित सेवेच्या संदर्भात केला आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना हा भाग विशेष जवळचा वाटेल.

साहिब राम विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणातील अपीलकर्ता महाविद्यालयाचा ग्रंथपाल होता. प्राचार्यांनी नियमाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे त्याला वरची वेतनश्रेणी मिळाली. त्यात ग्रंथपालाने कोणतीही दिशाभूल केलेली नव्हती, म्हणून तोवर दिलेली रक्कम वसूल करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुढे सय्यद अब्दुल कादिर विरुद्ध बिहार राज्य (२००९) या प्रकरणात शिक्षकांच्या बाबतीत हेच तत्त्व लागू झाले. याउलट चंडीप्रसाद उनियाल विरुद्ध उत्तराखंड राज्य (२०१२) या प्रकरणात न्यायालयाने जनतेच्या पैशाची बाजू उचलून धरली. करदात्यांचा पैसा अधिकाऱ्यांचाही नाही आणि घेणाऱ्यांचाही नाही, म्हणून अतिप्रदान सर्वसाधारणपणे वसूल झालेच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे.

या दोन प्रवाहांचा मेळ पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणातील १८ डिसेंबर २०१४ च्या निकालात घातला गेला. समतेच्या अनुच्छेद १४ बरोबरच मार्गदर्शक तत्त्वांचाही आधार घेऊन न्यायालयाने वसुली अनुज्ञेय नसलेल्या पाच परिस्थिती सांगितल्या : १) तृतीय व चतुर्थ श्रेणीतील सेवक, २) निवृत्त झालेले किंवा एका वर्षात निवृत्त होणारे सेवक, ३) वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असणे, ४) सेवकाकडून चुकीने वरिष्ठ पदाचे काम करून घेऊन त्यानुसार वेतन दिले गेले असणे, ५) अन्य कोणतेही असे प्रकरण, ज्यात वसुली इतकी अन्यायकारक, कठोर किंवा मनमानी ठरेल की मालकाच्या वसुलीच्या अधिकारापेक्षा तिचे ओझे जड होईल. मात्र जगदेव सिंग प्रकरणात (२०१६) वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचे वचनपत्र दिलेल्या अधिकाऱ्याला हे संरक्षण नाकारण्यात आले. प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळी अध्यापकांकडून घेतले जाणारे वचनपत्र या दृष्टीने किती महत्त्वाचे आहे, हे त्यावरून ध्यानी यावे. थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य (२०२२) या प्रकरणात निवृत्त मुख्याध्यापकाकडून वसुली करण्यास पुन्हा मज्जाव झाला. हे सर्व संरक्षण मागील रकमेपुरते आहे. चुकीची वेतननिश्चिती पुढील काळासाठी दुरुस्त करण्याचा शासनाचा अधिकार त्याने बाधित होत नाही.

६. सेवकाचे तत्त्व शेतकऱ्याला लागू पडेल काय ?

येथे एक विसंगती नजरेत भरते. कार्यालयातील लिपिकाला चुकीने अदा झालेले लाखभर रुपये त्याच्याकडून परत घेता येत नाहीत. त्याच कार्यालयाने शेतकऱ्याच्या खात्यात जमा केलेले दहा हजार रुपये परत घेताना मात्र कोणत्याही कठोरतेचा विचार करण्याचे बंधन दिसत नाही.

या तुलनेवर आक्षेप घेता येतात आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. सेवकाने काही ना काही काम केलेले असते. लाभार्थ्याने मोबदला दिलेला नसतो. शिवाय लाभार्थ्याने आपण अपवादात मोडत नाही अशी स्वयंघोषणा दिलेली असते आणि घोषणा चुकीची ठरल्यास वसुलीस पात्र राहू, हे मान्य केलेले असते. जगदेव सिंग प्रकरणातील वचनपत्राशी तिचे साम्य आहे. तिसरा आक्षेप असा की, अपात्रांना सोडून दिल्यास प्रामाणिकपणे अर्ज न करणाऱ्यांवर अन्याय होतो.

या आक्षेपांचे उत्तर सरसकट होकारात किंवा नकारात देता येत नाही. प्रकरणांची तीन गटांत विभागणी केल्यास ते स्पष्ट होते. पहिल्या गटात जाणूनबुजून खोटी घोषणा करणारे येतात. नियमित वेतन घेणारा शासकीय अधिकारी शेतकरी म्हणून हप्ते घेतो तेव्हा त्याला आपली अपात्रता ठाऊक असते. त्याच्याकडून वसुली व्हावी याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दुसऱ्या गटात नियम न समजल्याने चुकलेले येतात. दुसऱ्याने भरलेल्या अर्जावर अंगठा उठवणारी व्यक्ती किंवा एका वर्षी अल्प कर कापला गेल्याने अपवादात गेलेला शेतकरी ही याची उदाहरणे होत. तिसऱ्या गटात निव्वळ कार्यालयीन चूक असते. अपात्रता कळविल्यानंतरही हप्ते सुरू राहणे हे तिचे उदाहरण. दुसऱ्या व तिसऱ्या गटांत लाभार्थ्याचे वय, आजारपण, उत्पन्न, पीकपरिस्थिती व चुकीनंतर लोटलेला काळ पाहून सूट देणे हे रफिक मसीह निकालातील पाचव्या परिस्थितीच्या आशयाला धरूनच होईल. तो निकाल सेवकांपुरता असल्याने तो बंधनकारक आधार म्हणून नव्हे, तर न्याय्यतेची कसोटी म्हणून मांडावा लागेल, एवढे भान मात्र राखले पाहिजे.

७. इतर देशांचा अनुभव

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम २०४ मध्ये अपील आणि माफी हे दोन मार्ग स्वतंत्र ठेवले आहेत. व्यक्ती निर्दोष असेल आणि वसुलीमुळे योजनेचाच हेतू पराभूत होत असेल किंवा ती न्यायबुद्धीला विसंगत ठरत असेल, तर वसुली करू नये, असे तेथील कायदाच सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या १९९१ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात केवळ प्रशासकीय चुकीमुळे झालेले आणि सद्भावनेने स्वीकारलेले अतिप्रदान माफ करण्याची तसेच विशेष परिस्थितीत सूट देण्याची तरतूद आहे.

तरीही कायद्यात तरतूद असणे पुरेसे नसते. त्याच ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून संगणकाद्वारे लाखो लोकांवर देणी आकारण्यात आली आणि ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा भार लाभार्थ्यांवरच टाकण्यात आला. 'रोबोडेट' या नावाने कुप्रसिद्ध झालेली ही पद्धत बेकायदेशीर ठरली आणि जुलै २०२३ मध्ये शाही आयोगाने तिच्यावर कठोर ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या वसुलीत हजारो कुटुंबांना फसवणूक करणारे ठरविण्यात आले. त्या प्रकरणावरून १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नोंदींच्या यांत्रिक मेळावर आधारलेली वसुली आपल्याकडेही रुजत असताना हे दाखले लक्षणीय ठरतात.

८. आपल्या भूमीतील पूर्वदाखला

न्याय्यतेचा विचार करून देणे कमी करण्याची कल्पना परदेशातून आणावी लागेल असे मात्र नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेले दख्खनचे दंगे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याने न्यायालयाला केवळ रोख्यावरील आकडा पाहून हुकूमनामा न देता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. आकडा कसा तयार झाला, हे विचारण्याचा अधिकार या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला सावकाराविरुद्ध १८७९ मध्येच मिळाला होता. महसुलाच्या बाबतीतही पैसेवारी पाहून तहकुबी व सूट देण्याची प्रथा जुनी असून १९६६ च्या संहितेत तिला स्थान आहे. पीक बुडाले म्हणून जमीन महसुलात सूट देणारी व्यवस्था, त्याच शेतकऱ्याकडून साहाय्याची रक्कम परत घेताना पिकाची चौकशी करीत नाही, हे तर्काला धरून नाही.

९. माफीच्या अर्जाची मांडणी

स्वतंत्र नमुना उपलब्ध नसला तरी खुलाशातच पर्यायी विनंती म्हणून माफी मागता येते. मांडणी पुढील क्रमाने असावी :

१) रक्कम देय नसल्याचे मुद्दे व पुरावे प्रथम मांडावेत. माफीची विनंती ही देणे मान्य केल्याची कबुली समजू नये, असे स्पष्ट नमूद करावे.

२) अर्ज कोणी भरला, कोणती माहिती दिली, काय लपविले गेले नाही, याचा तारखांसह वृत्तांत द्यावा. पात्रता बदलल्याचे आपणहून कळविले असेल तर त्याची पोच जोडावी.

३) रक्कम कशावर खर्च झाली आणि आजचे उत्पन्न व दायित्वे काय आहेत, हे उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय कागद, पीकनुकसानीचा पंचनामा व कर्जखात्याचे उतारे यांच्या आधारे दाखवावे.

४) पूर्ण माफी, अंशतः माफी आणि सोसवतील असे हप्ते, अशा उतरत्या क्रमाने तीन मागण्या कराव्यात. निर्णय होईपर्यंत वसुली स्थगित ठेवण्याची आणि पुढील देय लाभांतून परस्पर वळती न करण्याची विनंती करावी.

५) कारणांसह लेखी आदेश मागावा. कारणे नसलेला आदेश अपिलात टिकणे कठीण असते.

१०. निष्कर्ष व शिफारशी

वरील विवेचनातून असे दिसते की, कल्याणकारी लाभांच्या वसुलीत अपिलाची वाट अस्तित्वात आहे, परंतु ती विखुरलेली आहे, आणि व्यक्तिगत माफीची वाट नियमांत स्पष्टपणे आखलेली नाही. त्या दृष्टीने तीन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक वसुली-नोटिशीत हप्ता, वर्ष, अपात्रतेची नोंद, कायदेशीर आधार आणि अपिलाचा अधिकारी व मुदत नमूद करणे बंधनकारक असावे. सद्भावनेने स्वीकारलेल्या, निव्वळ कार्यालयीन चुकीने झालेल्या किंवा पाच वर्षांहून जुन्या अतिप्रदानाला सूट देण्याचा अधिकार जिल्हास्तरीय समितीला लेखी नियमाने द्यावा. तसेच अपात्रतेचा निर्णय यंत्राच्या नोंदीवर अंतिम न करता सुनावणीनंतरच करावा.

ग्रामीण महाविद्यालयांनाही येथे निश्चित काम आहे. वाणिज्य विभागाला करगणनेचे तक्ते वाचता येतात, राज्यशास्त्र विभागाला प्रशासनाची उतरंड ठाऊक असते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगाव भरतातच. शिबिरातील एक दिवस वसुलीच्या नोटिशी वाचून दाखवण्यासाठी व मुदतीत खुलासे लिहून देण्यासाठी राखून ठेवला तर सात हजारांची मागणी तीन हजारांवर येणे किंवा भलत्याच्या नावे आलेली मागणी रद्द होणे अशक्य नाही. स्वतःच्या वेतननिश्चितीतील वसुलीविरुद्ध दाद मागताना अध्यापकवर्ग ज्या न्याय्यतेचा आधार घेतो, तोच आधार बांधावरच्या माणसाला उपलब्ध करून देण्याची ही संधी आहे.